दऱ्या आणि दर्या

पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले. दऱ्या. दर्या. खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

आम्ही वाचले. वर्गात बावीस जण, त्यांत मी सगळ्यांत थोरली, एक्केचाळीस वर्षांची. बाकीची पोरं-पोरी एकोणीस-वीसची. दोन्ही वेळा जवळजवळ एकच आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा. दर्या म्हणताना 'द'वर जोर येतो, रफाराचा धक्का बसतो त्याला. दऱ्या म्हणताना कुणालाच धक्का नाही, जीभ नुसती निसटते. एक समुद्र, एक डोंगरातली खोरी. आणि कागदावर दोघांत फरक केवढा?" त्यांनी पहिल्या शब्दातल्या चंद्रकोरीसारख्या बारक्या रेघेवर बोट ठेवलं. "एवढा."

माझे कान तापले. सोळा वर्षं सांगलीत आमच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवत होते. हा चंद्रकोरी ऱ हिंदीला लागत नाही, त्यामुळे जुन्या कितीतरी फॉन्टांत तो नसायचाच. असला, तरी मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेला की चंद्रकोर विरघळायची आणि डोक्यावर रफार येऊन बसायचा. साताऱ्याची वऱ्हाडी मंडळी माझ्या पत्रिकेत 'सातार्याची' व्हायची. गिऱ्हाईक म्हणायचं, कळतंय की वहिनी, राहू द्या. मी राहू द्यायची. माझं माहेर सातारा. माझ्या माहेराच्या नावाला मी सोळा वर्षं चुकीचं टोपरं घालत होते.

या वर्गात मी का आले, ते सांगायला हवं. ते सांगायचं तर २०१९चा ऑगस्ट सांगावा लागतो.

सांगलीत पाणी चढतं ते सांगलीच्या पावसानं नव्हे. पाऊस महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या दऱ्यांत पडतो. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन तिच्या गळ्यात पडते, आणि ते सगळं साताऱ्याचं पाणी मग आमच्या दारात येतं. सांगलीची माणसं पावसाळ्यात आभाळाकडे बघत नाहीत, आयर्विन पुलाकडे बघतात. १९२९ साली बांधून झालेल्या त्या दगडी पुलाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आमच्या गावात सगळ्यांत जास्त वाचली जाणारी अक्षरं कुठली, असं कुणी विचारलं तर मी ते आकडे सांगेन. शाळा न शिकलेली माणसंसुद्धा ते वाचतात. पुलाच्या कठड्याला रेलून, छत्री सावरत, न बोलता.

त्या ऑगस्टमध्ये ते आकडे गेले पाण्याखाली. गावभागातलं आमचं दुकान पहिल्याच रात्री बुडालं. कागद पाण्यात फुगतो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. रिमं फुगून एकमेकांना ढकलतात, मांडणी फाकते, आणि पाणी ओसरल्यावर जे उरतं त्याला कागद म्हणवत नाही. ती चिखलात बसलेली पांढरी वीट असते. पण दुकानाचं नंतर. आम्ही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. सोबत सासूबाई आणि शेजारच्या आजी. सासूबाईंना रोज इन्शुलिन लागतं. ते संपत आलेलं. फोन बंद पडलेले. गल्लीतून बोटी जायच्या, पण इंजिनाच्या आवाजात आमच्या हाका कुणाला ऐकू जाणार? मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मार्करनं लिहिलं: इथे दोन म्हाताऱ्या आहेत, औषध हवे. चांगलं वळणदार लिहिलं. पत्रिकेवर लिहावं तसं, औ ला छान गाठ देऊन.

बोट दोनदा पुढून गेली. त्यातल्या माणसांनी वर पाहिलंही. पण वाचता आलं नाही. त्यांचा दोष नव्हता. पाऊस होता, बोट हलत होती, आणि माझी अक्षरं बोटभर उंच आणि सुईएवढी बारीक होती. तिसऱ्या वेळी शेजारच्या पोरानं आजीचं लाल लुगडं गॅलरीतून खाली सोडून हलवलं तेव्हा ते थांबले.

औषध मिळालं. सासूबाई आज ठणठणीत आहेत. पण त्या लुगड्यानं मला झोपू दिलं नाही. अक्षरं हाच माझा धंदा, रोज हजार माणसांपर्यंत मी कुणाचा ना कुणाचा निरोप पोचवायची, आणि घरच्या माणसाच्या जिवावर बेतलं तेव्हा माझं अक्षर तीस फूटसुद्धा गेलं नाही. बोटीतून वाचता यावं म्हणून अक्षर किती मोठं काढायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकण्यासारखं असतं हेही ठाऊक नव्हतं.

मग महामारी आली, २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, आणि त्यानंतरच्या वर्षी साताऱ्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजची जाहिरात दिसली. संवाद, डिझाइन आणि कला असा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. वयाची अट नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे मला घरी चार वेळा समजावून सांगावं लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३-१४च्या सुमारास ही योजना आणली: चालू कॉलेजांच्या आवारातच, आसपासच्या माणसांना आसपासच्या कामाला लागेल असं शिक्षण द्यायचं. हातानं करायचं जास्त, घोकायचं कमी. "ह्याची डिग्री मिळते का?" असं नणंदेनं विचारलं. डिप्लोमा मिळतो, म्हटलं. मिस्टर गप्प होते. साताऱ्याला फोन केला तर आप्पा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "गुरुवारी ये. शनिवारी जा. तुझी खोली रिकामीच आहे."

अशी मी दर गुरुवारी पहाटे सांगली स्टेशनवर उभी राहू लागले.

ही गाडी ज्यांनी नियमित केली असेल त्यांना तिची चाल माहीत असेल. नांद्रे, भिलवडी, आमणापूर. द्राक्षांच्या बागा, हळदीची पानं, ऊस. भिलवडीला माझ्या वर्गातला एक मुलगा चढायचा. चित्रं फार सुंदर काढायचा, पेन्सिलीत. रंग हातात घेतला की मात्र गोठायचा. महिनाभरानं त्यानं सांगितलं की त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. चिंचेच्या झाडाखाली पडलेली लाल चप्पल त्याला सापडत नाही. कॉलेज सोडावं म्हणतो, म्हणाला. रंग न कळणाऱ्यानं डिझाइन काय करायचं?

तेवढ्यात गाडी किर्लोस्करवाडीत शिरत होती. मी त्याला खिडकीकडे वळवलं.

हे गाव एका चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं वसवलं, ही गोष्ट मला आप्पांनी लहानपणी सांगितली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सोडावी लागली. पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांचं रेखाटन शिकले, तेच पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि ज्या हातानं कदाचित एखादं निसर्गचित्र काढलं असतं त्या हातानं लोखंडी नांगर काढला. १९१० साली या कुंडलच्या माळावर, निवडुंगात, त्यांचा कारखाना उभा राहिला. आणि जागा दिली कुणी, तर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते.

मुलगा काही बोलला नाही. गाडी हलली. ताकारी गेल्यावर त्यानं विचारलं, "नांगर विकला गेला का पण?"

बरोबर जागी बोट ठेवलं पोरानं. चटकन विकला गेला नाही. लोखंडानं जमीन नासेल, काळ्या आईत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. वस्तू उत्तम असून भागत नाही, ती समजावून सांगणारं माणूस लागतं. असं एक माणूस या नांगराला मिळालं होतं. गावोगाव फिरणारा, शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्याच बोलीत बोलणारा दणकट विक्रेता: भाऊराव पाटील. ते पुढे कर्मवीर झाले, त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत होते. मला राहून राहून वाटतं की 'तुमच्या पोराला शाळेत धाडा' हे अडाणी बापाच्या गळी उतरवायची हातोटी त्यांना त्या बांधांवरच लाभली असणार. आणि याच वाडीतून १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची बातमी देणारं पत्रक पुढे अख्ख्या महाराष्ट्रानं वाचायचं मासिक झालं. त्याच्यामागून 'स्त्री' आलं, 'मनोहर' आलं. शंकररावही हातात कुंचला असलेले. माळावरच्या नांगराच्या कारखान्याला मासिक कशाला लागतं, असं कुणी विचारलं नसेल का? लागतं. माणसांशी बोलावं लागतं.

चित्रकार राजा, रेखाटन करणारा कारखानदार, मासिक काढणारा पुतण्या, बांधावर बोलणारा विक्रेता. संवाद, डिझाइन आणि कला असं आमच्या अभ्यासक्रमाच्या फलकावर लिहिलं होतं, तीन शब्द वेगवेगळ्या रंगांत. या पट्ट्यात ते कधी वेगळे नव्हतेच.

पहिले दोन महिने आम्हाला कॉम्प्युटर उघडू दिला नाही. बोरू दिला. बांबूची, वेताची काडी तिरकी कापायची, शाईत बुडवायची आणि नुसती उभी रेघ. मग आडवी. मग गोल. बोरूचं टोक तिरकं, म्हणून रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक होते. देवनागरीचा सगळा चेहरा या तिरक्या कापातून आला आहे, हे मी सोळा वर्षं अक्षरं विकून शिकले नव्हते. फॉन्टातला 'अ' मला तयार मिळायचा. आता तो मी चाळीस वेळा काढला आणि एक्केचाळिसाव्या वेळी त्याची मधली दांडी जिथं यायला हवी तिथं आली. तेव्हा मला रडू आलं. शेजारी कोरेगावची मुलगी बसायची, ती घाबरून म्हणाली, "काकू, काय झालं?" काही नाही गं, म्हटलं, अ झाला.

आप्पांना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला. आप्पांचं अक्षर माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत सुंदर अक्षर. ते साठच्या दशकात साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. १९२४ साली भाऊराव संस्था घेऊन साताऱ्याला आले आणि त्यांनी बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथं आले आणि छत्रपती शाहूंचं नाव त्या बोर्डिंगला मिळालं. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आप्पा तिथं पोचले तेव्हा दोघंही हयात नव्हते, पण पद्धत तीच होती: कमवा आणि शिका. आप्पांना आधी बागेत खुरपणी दिली होती. मग कुणीतरी त्यांची वही पाहिली आणि त्यांना रोज पहाटे दारातल्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम लागलं. "खुरपं ठेवून खडू घेतला, पण मजुरी तेवढीच," आप्पा सांगत. "आणि तेच बरोबर. दोन्हीत रेघ सरळ यावी लागते." त्या रात्री त्यांनी माझ्या 'अ'शेजारी पेन्सिलीनं एक 'अ' काढला. हात कापत होता. अक्षर नाही.

डिसेंबरात आमची सहल औंधला गेली. हे खरं म्हणजे मला नुसतं सांगून भागायचं नाही. तिथं जायला हवं. रहिमतपूरपासून पुढं गेलं की माळ सुरू होतो, कोरडा, पिवळा, बाभळीचा. आणि त्या माळात यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर, एक संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. चिमुकल्या संस्थानाचा राजा. कीर्तन करायचा, सूर्यनमस्काराचा प्रसार करायचा, रामायण स्वतः चित्रांत काढून छापायचा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेले पंडित सातवळेकर त्याच्याच आश्रयानं औंधला राहून वेद छापत होते. छापखानेवाली म्हणून त्या गोष्टीनं माझा ऊर भरून आला. आत राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हस्तिदंताचं कोरीव काम आहे. आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल.

त्या शिल्पासमोर आम्ही किती वेळ होतो कुणास ठाऊक. मूर जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या चौकांत आहे, मॅडम सांगत होत्या. आणि इथं खटावच्या दुष्काळी माळावर आहे. कोरेगावची मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटलं असणार, की आपल्याला बघायला पाहिजे." आपल्याला. तिनं तो शब्द किती सहज उच्चारला. तिची आई रोजंदारीनं आलं काढायला जाते. एका राजानं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी डोंगरावर मांडून ठेवलेली वस्तू आपल्यासाठी मांडली आहे, हे तिला आल्याबरोबर कळलं. मुंबईला किंवा पुण्याला गेल्याशिवाय कला शिकता येत नाही असं आम्ही दोघींनीही आयुष्यभर ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर भिलवडीचा मुलगा एसटीच्या खिडकीशी बसून काळ्या-पांढऱ्यात काहीतरी काढत होता. त्यानं ठरवलं होतं, बेदाण्याच्या खोक्यासाठी वेष्टण करायचं, एकाच शाईत. तासगावच्या व्यापाऱ्यानं ते घेतलं. एका शाईची छपाई स्वस्त पडते, आणि चाररंगी खोक्यांच्या थप्पीत ते एकटं काळं खोकं लांबून ओळखू येतं. त्याला न दिसणाऱ्या रंगांचा त्याला आता काही त्रास नव्हता.

माझ्या प्रकल्पाचा विषय ठरलेलाच होता. मॅडमना पुठ्ठ्याची हकिगत सांगितली. त्यांनी ढोबळ हिशेब दिला: दहा फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. शंभर फुटांना दहा इंच. "पण हा हिशेब रोमन लिपीवरून आलाय," त्या म्हणाल्या. "आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. शिरोरेघेच्या वर-खाली काय लागतं, ते तू स्वतः मोजून काढ." म्हणजे पुस्तकात उत्तर नव्हतं. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

मग मी गल्लीच मोजली. आमच्या दारापासून टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत एकशे दहा फूट. पांढऱ्या पत्र्यावर काळा ऑइलपेंट, कारण पुठ्ठा भिजतो. वाक्य नको, दोन शब्द: औषध हवे. दुसऱ्या पत्र्यावर पाणी हवे. तिसऱ्यावर म्हाताऱ्या, आणि त्यापुढे आकड्यासाठी मोकळी जागा. हा तिसरा पत्रा करताना तो चंद्रकोरी ऱ माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला. लांबून तो दिसतच नाही, काना आणि य यांच्या मध्ये दबून जातो. त्याला मी जाड केला, जरा खाली ओढला, त्याच्या भोवती हवा ठेवली. आठ दिवस गेले त्या एका चंद्रकोरीत. पूर येतो दऱ्यांतून, आणि आमच्या गल्लीत त्याचा दर्या होतो. पाटीवरच्या म्हाताऱ्या तरी त्यात बुडायला नकोत.

परीक्षक म्हणून सासूबाई. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन त्या खांबाखाली बसल्या. चष्मा काढून ठेवायचा, असं मीच सांगितलं होतं. बोटीतल्या माणसाच्या चष्म्यावर पाऊस असतो. मी गॅलरीतून पहिला पत्रा धरला. गल्लीतली पोरं गोळा झाली.

"औषघ," त्या तिकडून ओरडल्या.

"औषध, आई!"

"मला घ दिसतोय. धची शेंडी कुठंय?"

ध आणि घ. भ आणि म. बोरूनं कागदावर काढताना ज्यांच्यात गल्लत व्हायची सोय नाही, ती अक्षरं एकशे दहा फुटांवर एकमेकांची सोंगं घेतात. ध ची वरची गाठ उघडी, शिरोरेघेपासून मोकळी ठेवायला हवी होती. मी देखणेपणासाठी ती रेघेला खेटवली होती. पुन्हा तीच लग्नपत्रिकेची खोड. मी टर्पेंटाइन घेतलं, ध पुसला, पत्रा उन्हाला लावला. गाठ मोठी केली, रेघ तोडली. रंग वाळेस्तोवर चहा झाला.

मग मी पत्रा उचलून गॅलरीत गेले, आणि सासूबाई चष्मा पदराला गुंडाळून पुन्हा खांबाकडे निघाल्या.